सोळा बोल्ट, चौदाचा पाढा

माझ्या डाव्या खांद्याजवळचं हाड वाकडं जुळलंय. सदरा घातला तरी उंचवटा दिसतो. कुणी विचारलं की मी सांगत आलो, चेंबरचं दार लागलं. दौंडात तेच सांगितलं, मांडवगणला सोयऱ्यांत तेच, दवाखान्यात डॉक्टरांनाही तेच. ते खोटं आहे. दारानं मला शिवलंसुद्धा नाही. दार लागलं असतं तर खांदा दाखवायला मी उरलोच नसतो, मला घमेल्यात गोळा करावं लागलं असतं.

त्या खोट्यानं माझ्या धाकट्या भावाचं नाव गेलं. चेंबरचे बोल्ट सोडायचं काम त्याचं, तेव्हा घाई त्यानंच केली असणार, असं लोकांनी आपापलं ठरवून टाकलं. मी ते ठरू दिलं. पाच वर्षं ठरू दिलं. आता लिहून टाकतो. माझं अक्षर कोंबडी नाचल्यासारखं आहे आणि शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण दार लागलं हे खोटं सांगणं आता माझ्याच्यानं होत नाही.

माझं काम टायर रिमोल्डचं. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर नवं रबर चढवायचं. रबर लावलेला टायर लोखंडी टाकीत घालायचा आणि भट्टीसारखा तापवून, वरून हवेचा दाब देऊन तीन-चार तास शिजवायचा. त्या टाकीला आम्ही चेंबर म्हणतो. आडवी टाकी, माणूस वाकून आत जाईल एवढी. पुढं हातभर जाड कडेचं गोल दार, आणि दाराच्या कडेनं सोळा बोल्ट. आतला दाब सहा किलो. सहा किलो ऐकायला भाजीवाल्याचं माप वाटतं. पण तो भार दाराच्या एकेका नखाएवढ्या जागेवर असतो. सगळ्या दाराचा मिळून ऊस भरलेल्या चार-पाच ट्रकांएवढा होतो. मधे फक्त सोळा बोल्ट.

हे मला शिरूरला उस्तादांनी शिकवलं. विशी ओलांडली होती, खडीच्या मशीनवर धुळीनं छाती भरून घेतली होती, म्हणून नगर रोडच्या टायरच्या दुकानात लागलो. उस्ताद शिकवायचे म्हणजे मारायचे. गाडीवाला हवा पौंडात मागतो आणि दुकानातला काटा किलोत दाखवतो. त्या दोघांच्या मधे तू उभा, असं ते म्हणायचे. माझा अंगठा धरून दाखवायचे, "ह्या पेराएवढी जागा म्हंजी इंच, तिच्यावरचा भार पौंडात. आन् करंगळीच्या नखाएवढी जागा म्हंजी सेंटीमीटर, तिच्यावरचा किलोत. एका किलोला चौदा पौंड. वरची चिल्लर सोडून दे."

"चिल्लर किती?"

कानाखाली बसली. "सोडून दे म्हणलं ना!"

मग चौदाचा पाढा. शाळेत दहापर्यंतचेच झाले होते. चौदा पंचे पासष्ट म्हणालो तर एक, चौदा साते शहाण्णव म्हणालो तर दोन. महिनाभर माझे गाल सुजलेले होते, पण पाढा असा पाठ झाला की झोपेत कुणी लाथ मारली तर तोंडातून तोच यायचा. चौदा सक चौऱ्याऐंशी. सहा किलोला चौऱ्याऐंशी पौंड. आजही मला कुणी चौऱ्याऐंशी आकडा सांगितला की गाल गरम होतो.

उस्ताद कसे गेले तेही सांगतो, कारण पुढचं सगळं तिथनं आलं. त्या काळी ट्रकच्या चाकाला लोखंडाची रिंग असायची, टायर डिस्कवर धरून ठेवणारी. वाळूचा ट्रक आला, ड्रायव्हर म्हणाला एकशेदहा भरा, लवकर भरा. उस्ताद हवा भरत होते, मी पाठीमागं जॅक काढत होतो. रिंग गंजलेली होती, खाचेत नीट बसली नव्हती. आवाज असा झाला की मला वाटलं बाहेर दोन गाड्या भिडल्या. वळून बघितलं तर उस्ताद बसलेले होते तसेच बसलेले होते, फक्त चेहरा होता तिथं चेहरा नव्हता. रिंग वरच्या पत्र्यात जाऊन अडकली होती आणि अजून थरथरत होती.

मी ड्रायव्हरला धरला. त्याला मी किती मारलं ते मला लोकांनी नंतर सांगितलं. त्याचे पुढचे दोन दात गेले. एकाची खूण माझ्या उजव्या मुठीवर अजून आहे. चूक त्याची नव्हती. रिंग बघायचं काम माझं होतं, आणि मी ती बघितली नव्हती. पण तेव्हा मला कुणाला तरी मारायचंच होतं, आणि तो समोर होता.

पुढं दौंडला कुरकुंभ रस्त्याला स्वतःचं दुकान टाकलं. टँकर, उसाचे ट्रॅक्टर, मुरमाचे डंपर, गिऱ्हाईक तुटलं नाही. धाकट्या भावाला गावाकडून बोलावून घेतलं. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, माझ्याएवढाच दांडगा, पण तोंडात जीभ नसल्यासारखा. त्याला मी जसा शिकलो तसाच शिकवला. हातानं, लाथेनं, जे हाताशी येईल त्यानं. तो मला दादा म्हणायचा आणि मार खाऊन झाला की हातोडा जागेवर ठेवायचा.

आमच्या दुकानाची एक रीत मी पाडली होती. चेंबरची हवा सोडायला लागलो की काटा सहावरनं खाली येत जातो. काटा शून्यावर येईपर्यंत थांबायचं, असा नियम आहे. मी थांबायचो नाही. काटा एकाच्या आत आला की बोल्टांना पाना लावायचा. हवा सुटत राहते, आपण बोल्ट सैल करत राहतो, दोन्ही कामं चार ओळींच्या फरकानं बरोबर संपतात. किती वेळ लागतो तेही मी बांधून दिलं होतं. काटा एकाच्या आत आल्यापासून शून्यावर यायला चौदाचे दोन पाढे लागतात, सावकाश म्हटले तर. म्हणून बोल्ट सोडताना पाढा म्हणायचा, एका बोल्टाला एक ओळ. दहा बोल्ट झाले की चौदा दाहे एकशेचाळीस, परत चौदा एकेपासून. सोळावा बोल्ट बरोबर चौदा सक चौऱ्याऐंशीवर सुटायचा. मी पाना चालवायचो तेव्हा भाऊ म्हणायचा, तो चालवायचा तेव्हा मी. एकदा तो काटा शून्यावर यायची वाट बघत थांबला, तर ट्यूबची वादी घेऊन त्याची पाठ सोलली होती मी. त्याच्या बायकोनं तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तो मात्र चौथ्या दिवशी कामावर होता.

तेवीस वर्षं त्या रितीनं काम झालं. कुणाचं नखही गेलं नाही. माझी छाती फुगायला एवढं पुष्कळ होतं.

मग नवा चेंबर घेतला. जुन्याच्या बुडाला गंज खाऊन पापुद्रे सुटत होते. नवा बाहेरच्या देशातून आलेला, निळा रंग, सोळाच बोल्ट. जोडून द्यायला आलेल्या मिस्त्रीनं काट्यावर एका जागी लाल खूण केली आणि हिंदीत सांगितलं, काटा इथं आला की कॉम्प्रेसर आपोआप बंद होईल, तुम्ही काही करू नका. इंग्रजी पुस्तक हातात देऊन तो निघून गेला. मी काटा बघितला. शून्यापासून एकापर्यंतच आकडे. लाल खूण पॉइंट सहावर.

मी मनात म्हटलं, बघा, ह्याला म्हणतात सुधारणा. जुन्याला सहा किलो लागायचे, ह्याला किलोसुद्धा लागत नाही. अर्ध्या किलोच्या थोडं वर दाब, आणि त्यात रबर धरतं. महाग मशीन घेतल्याचं समाधान झालं.

माझी मुलगी कुरकुंभला केमिकलच्या कंपनीत आहे. डिप्लोमा झालेली. तिथं काटे तपासायचं काम तिच्याकडं, कुठला बरोबर दाखवतो, कुठला खोटं बोलतो ते बघायचं. त्या दिवशी पहिल्या पाळीहून आली होती. आम्ही जेवायला बसलो होतो, मी, भाऊ आणि ती.

ती म्हणाली, "आबा, नव्या चेंबरचा काटा मेगापास्कलचा हाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"तात्यांनी फोटो धाडला मोबाईलवर."

मी भावाकडं बघितलं. तो भाकरी कुस्करत होता, त्यानं मान वर केली नाही.

"मेगा असू दे न्हाईतर फेगा," मी म्हणालो. "पॉइंट सहा म्हंजी पॉइंट सहा."

"न्हाई ना आबा. किलो आन् मेगापास्कल येगळं हायेत. एक मेगापास्कल म्हंजी दहा किलो. दहानं गुणायचं, वरची चिल्लर सोडून द्यायची. पॉइंट सहा म्हंजी सहा किलो. तुमच्या जुन्या चेंबरएवढाच दाब हाय त्यात, रत्तीभर कमी न्हाई."

"एकाच्या आत हाय का न्हाई काटा?"

"हाय. पण एक कशाचा? एक फूट आन् एक मीटर सारखं हाय व्हय?"

"तिसरी नापास हाय म्हणून मला फूट आन् मीटर शिकिवती?"

"शिकिवत न्हाई, सांगती. तुमचा चौदाचा पाढा अवघड, त्यो येतोय तुम्हाला. ह्याला तर दहाचा लागतो. बालवाडीतलं पोरगंबी म्हणंल."

भाऊ हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. पण मला ऐकू आलं. मी समोरचं ताट उचललं आणि फेकलं. पितळी ताट. तिनं तोंडासमोर हात धरला म्हणून तोंड वाचलं, मनगटावरचं घड्याळ फुटलं आणि ताटाची कड आत घुसली. आमटी भिंतीवर. ती रडली नाही. मनगट धरून उठली, नळाखाली धरलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "फेका. दाब तेवढाच राहतोय."

दुसऱ्या दिवशी ती मनगटाला फडकं बांधून कामावर गेली. आम्ही दुकानात नव्या चेंबरचा पहिला घाणा लावला. टायर आत, दार बंद, सोळा बोल्ट कसले, कॉम्प्रेसर चालू. काटा लाल खुणेवर आला आणि मोटर आपोआप बंद पडली. मी कामगारांकडं बघून मिशीवर हात फिरवला.

भाऊ जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, कॉम्प्रेसर जुन्या चेंबरला जेवढा वेळ चालायचा तेवढाच चालला. कमी दाब असता तर लवकर बंद पडला असता."

"नवा डबा मोठा हाय."

"मापला मी. तेवढाच हाय."

मापला! टेप घेऊन माझ्या पाठीमागं ह्यानं टाकी मापली होती. मी त्याला सगळ्या कामगारांसमोर दोन लगावल्या. पन्नाशी ओलांडलेला माणूस, घरी सून आलेली. टोपी पडली ती त्यानं उचलली, गुडघ्यावर झटकली आणि परत घातली. उत्तरेकडचा एक कामगार म्हणाला, "चाचा, रहने दो." त्यालाही मी शिवी दिली.

दुपारी घाणा शिजून झाला. कामगार रस्त्यापलीकडच्या खानावळीत जेवायला गेले होते. शेडमधे आम्ही दोघंच. मी हवेचा कॉक उघडला आणि पाना उचलला.

"लगेच?" भाऊ म्हणाला.

"काटा बघ. जुन्यात आपण एकाच्या आत आल्यावर हात लावतो. हा तर सकाळपासनं एकाच्या आतच हाय. थांबायचं कशाला?"

आज लिहिताना हे वाक्य माझ्याच्यानं वाचवत नाही. पण तेव्हा त्यात मला एकही फट दिसली नव्हती. तेवीस वर्षांची रीत आणि माझे स्वतःचे डोळे, दोन्ही माझ्या बाजूला होते.

"दादा, शून्यावर येऊ दे. एवढ्या बारीला."

"सर बाजूला. भागूबाई."

तो बाजूला सरला नाही. त्याची जागा दाराच्या डाव्या हाताला, सुटलेला बोल्ट मागं पाडायची. तिथंच उभा राहिला. मी पाना लावला आणि पाढा सुरू केला. चौदा एके चौदा. बोल्ट घट्ट निघाला. म्हटलं आटे नवे आहेत. चौदा दुणे अठ्ठावीस. पाढा खरा तर त्यानं म्हणायचा, पण तो गप्प होता, म्हणून मीच ओरडून म्हणत होतो, कॉकच्या आवाजाच्या वर. हवा अशी गर्जत होती की शेडचे पत्रे वाजत होते. जुन्यात एकाच्या आत आल्यावर नुसतं फुसफुसायची. ते मला ऐकू येत होतं. ऐकू येऊनही मी पाना फिरवत होतो. चौदा पंचे सत्तर. पाठीला घामाची धार लागली होती. चौदा सक चौऱ्याऐंशी.

सहा बोल्ट सुटले आणि दाराच्या कडेनं शीळ आली. बारीक, सुईसारखी. जमिनीवरची धूळ एका सरळ रेघेत उडून गेली. दार कण्हलं. लोखंड कण्हतं, ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे. पुढचा बोल्ट पान्यानं हलेना, म्हणून मी पाना टाकला आणि घण उचलला. दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर.

"दादा!"

मी घण खाली आणत होतो. माझ्या डाव्या खांद्यापाशी काही तरी फुटलं. पहिल्यांदा मला वाटलं दारच सुटलं. मग बघितलं. भावाच्या हातात टॉमी होती, टायर डिस्कवरनं उपसायची तीन फुटी पहार. त्यानं मला मारलं होतं. तीस वर्षांत पाया पडायला सोडून त्यानं मला हात लावला नव्हता. घण माझ्या हातातून सुटला नव्हता, म्हणून त्यानं दुसरा टोला माझ्या उजव्या दंडावर घातला. घण पडला. मग माझ्या सदऱ्याची कॉलर धरून त्यानं मला मेलेलं जनावर ओढावं तसं ओढलं, टायर घासायच्या बफिंग मशीनच्या मागं.

आम्ही मशीनच्या मागं पोचतोय तोवर एक बोल्ट तुटला. बंदूक उडाल्यासारखा आवाज. मी उभा होतो त्या जागेवरनं तो गेला आणि समोरच्या भिंतीची अर्धी वीट घेऊन पडला. दार जागेवर राहिलं. कडेतून तापल्या हवेचा फवारा बाहेर आला, त्यानं पाण्याचं पिंप आडवं केलं आणि जळक्या रबराचा वास शेडभर झाला.

कुणाला वाटेल, आता मला कळलं असेल. नाही. मला एवढंच दिसत होतं की धाकट्यानं माझ्यावर हात उचलला. मी उठायला लागलो, त्याचा गळा धरायला. तो माझ्या छातीवर बसला. मोडलेल्या हाडाचं टोक आतून टोचत होतं, मी त्याच्या मनगटाला चावलो. रक्त माझ्या तोंडात आलं. तो उठला नाही.

"म्हण पाढा," तो म्हणाला.

मी त्याला आईवरनं शिवी दिली. आई आमची एकच होती, ते तेव्हा सुचलं नाही.

"म्हण, दादा. एकाच्या आतनं शून्याला दोन पाढं लागत्यात, तूच सांगतोस. काटा एकाच्या आत हाय म्हणतोस ना? मग म्हण दोन पाढं. दुसरा संपला आन् हवा संपली, तर घे ही टॉमी आन् घाल माझ्या डोक्यात. मी हलायचा न्हाई."

मी म्हणायला लागलो. रागानं, दात खाऊन. चौदा एके चौदा, चौदा दुणे अठ्ठावीस, चौदा त्रिक बेचाळीस. तो माझ्या छातीवर बसून दाराकडं बघत होता. पहिला पाढा झाला. दुसरा झाला. चौदा दाहे एकशेचाळीस. हवा तशीच गर्जत होती, एक सूर खाली आली नव्हती. त्यानं माझ्याकडं बघितलं. "म्हण पुढं."

तिसऱ्यात माझा आवाज मोठा होता. चौथ्यात मी जलद म्हणायला लागलो तर तो म्हणाला, "सावकाश. सावकाश म्हणलं तरच बरोबर येतं, तूच मारून शिकिवलंस." पाचव्या पाढ्याला मी धडपड सोडली. सहाव्याला थंडी वाजायला लागली, दुपारच्या उन्हात, तापलेल्या चेंबरपासून दहा पावलांवर. हवा अजून येत होती. प्रत्येक ओळीला मला उस्तादांचं बसलेलं अंग दिसत होतं, आणि त्याच्या वर माझ्या भावाची टोपी.

नवव्या पाढ्यात, चौदा चोक छप्पन्नला, आवाज फुसफुसला आणि थांबला.

तो छातीवरनं उठला. जाऊन काटा बघितला, बोटानं टिचकी मारली, परत आला. "आता शून्य हाय," म्हणाला. आणि मनगटाला रुमाल गुंडाळायला लागला.

तेवढ्यात कामगार परत आले. पडलेलं पिंप, फुटलेली भिंत, जमिनीवर मी. "क्या हुआ चाचा?"

मी म्हणालो, "दार लागलं."

असं ते खोटं जन्माला आलं. विचार करून नाही, तोंडातनं निघालं. चार माणसांसमोर, धाकट्यानं मारलं, हे माझ्या जिभेवर आलंच नसतं. भावानं माझ्याकडं एकदा बघितलं. मग टॉमी उचलून तिच्या जागेवर, खिळ्याला अडकवली.

दवाखान्यात डॉक्टर एक्स-रेचा फोटो बघून म्हणाले, "बाबा, दारानं असं एका रेघेत हाड मोडत नाही."

"आमचं दार सरळ हाय," मी म्हणालो.

भाऊ शेजारी उभा होता. डॉक्टरांनी त्याच्या मनगटाकडंही बघितलं. "आणि हे?" "कुत्रं चावलं," तो म्हणाला. त्याला रेबीजची सुई घ्यायला लावली, पाच वेळा. पाची वेळा जाऊन घेतली त्यानं.

मुलीला कुणी काही सांगितलं नाही. ती दवाखान्यात आली, माझ्या खांद्याकडं बघितलं, काकाच्या मनगटाकडं बघितलं, आणि थेट दुकानात गेली. सुटलेले बोल्ट मोजले असतील तिनं. काट्याखाली तिनं कागद चिकटवला, गुणिले दहा, असा मोठ्या आकड्यांत. गळ्यात हात बांधून मी आठवड्यानं दुकानात गेलो तेव्हा पहिलं काम म्हणजे तो फाडला. दुसऱ्या दिवशी परत होता. परत फाडला. तिसऱ्या दिवशी तिनं रंगानं थेट चेंबरवरच लिहिलं होतं. ते अजून आहे. एकाच्या आत हात लावायची रीत मात्र मी त्याच दिवशी बंद केली, कुणाला काही न सांगता. आता काटा शून्यावर येतो, मग त्याच्या पुढं एक पाढा, आणि मग पाना.

पण लोकांना रीत कुठं दिसते? लोकांना माझा खांदा दिसला. कोण म्हणालं धाकट्यानं घाईनं बोल्ट सोडले, कोण म्हणालं दारू पिऊन होता. तो आयुष्यात प्यायला नाही. चहाच्या टपरीवर माझ्यासमोर बोलायचे, आणि मी बशीत चहा ओतायचो. त्याच वर्षी आम्ही भाऊ वेगळे झालो, तेव्हा तो कासुर्डीच्या एका रिमोल्डवाल्याकडं लागला. मालकानं पहिल्या दिवशीच सांगितलं, "तात्या, तुम्ही टायर घासा, चेंबरला हात लावू नका. तुमच्या भावाचं काय झालं ते ठाव हाय मला." पाच वर्षं तो टायर घासतोय. रबराचा भुगा त्याच्या छातीत गेलाय, रात्रंदिवस खोकतो. चेंबरचं त्याच्याएवढं कळणारा माणूस ह्या पट्ट्यात नाही, मी धरून.

मागच्या आठवड्यात मी कासुर्डीला गेलो. त्याच्या मालकासमोर, कामगारांसमोर, सगळं सांगितलं. मालक म्हणाला, "आबा, चेष्टा करताय का?" मी सदरा काढून हाड दाखवलं आणि म्हणालो, "दाराला पहारीचा आकार असतो का?" मग मालकानं जवळ येऊन हाडावरनं बोट फिरवलं. पण सांगितलेलं लोक आपल्या सोयीनं फिरवतात. म्हणून हे कागदावर.

भाऊ ऐकत उभा होता, अंगभर काळा भुगा. मी त्याला म्हणालो, "लिहून काढणार हाय मी. सोळातले सहा बोल्ट सुटले हुते तवा तू मारलंस, असं लिवतो."

"सात," तो म्हणाला.

"सहा. चौदा सक चौऱ्याऐंशीला थांबलो मी."

"तू पाढा थांबवला. सातवा, माझ्या बाजूचा बोल्ट, मी दुसऱ्या पान्यानं सैल केला हुता तवर. तू सांगितलं हुतंस ना, म्हणून." त्यानं नाक पुसलं. "माझाबी हात हुता त्यात. त्ये लिही."

मी घरी येऊन दोन दिवस भांडलो, स्वतःशीच. मला पक्कं आठवत होतं, सहा. मग मुलीला विचारलं, त्या दिवशी दुकानात जाऊन तू किती मोजले? ती म्हणाली, "तुटलेला सोडून सात."

वर मी सहा लिहिलंय. ते खोडत नाही, खोडायची सवय नाही. वाचणाऱ्यानं तिथं सात धरावं.